गुडघ्यांसाठी स्लेड ओढण्याचा व्यायाम : गावात टायरवर करता येईल का?

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

सर्वांस नमस्कार. मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून माझे वय 49 आहे. गेल्या पावसाळ्यापासून माझे दोन्ही गुडघे, विशेषतः उजवा, पायऱ्या उतरताना दुखतात. चढताना तेवढा त्रास होत नाही. तुळजापूरला महाद्वारातून आत गेल्यावर देवीपर्यंत आधी पायऱ्या उतराव्या लागतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना माझी अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

एक्स-रे काढला असता झीज प्राथमिक अवस्थेतील असल्याचे सांगण्यात आले. मांडी घालून बसू नका, उकिडवे बसू नका, कमोड वापरा आणि सपाटीवर चालत राहा, असा सल्ला मिळाला व तो मी पाळतही आहे. परंतु खाली बसणे सोडल्यापासून बसण्याची ताकदच ओसरत चालली आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पूर्वी मी मुलांच्या रांगेत सतरंजीवर बसून शिकवीत असे. आता खुर्चीवरून उठतानाही हात टेकावे लागतात.

माझा भाचा लातूरला कबड्डी खेळतो. त्याच्या व्यायामशाळेत कृत्रिम हिरवळीच्या पट्ट्यावर लोखंडी स्लेड, म्हणजे जमिनीवरून घासत सरकणारी बिनचाकी गाडी, आहे. तिच्यावर वजनाच्या चकत्या ठेवून ती पुढे ढकलतात, किंवा कमरेला पट्टा बांधून तिच्याकडे तोंड करून उलटे चालत ओढतात. गुडघ्यासाठी हा उलटा प्रकार फार गुणकारी आहे, असे त्याचे म्हणणे आहे. रोज लातूरला जाणे मला शक्य नाही. तेव्हा हा व्यायाम माझ्यासारखीला खरोखर उपयोगी पडेल का, गावात साध्या टायरवर तो करता येईल का, आणि त्याने पुन्हा खाली बसता येऊ लागेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


फिजिओ_संभाजीनगर

ताई, चढताना नव्हे तर उतरताना दुखते, हा तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू, ज्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात, तो आखडत आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू भार पेलत लांबत जातो आणि शरीराला आवर घालतो. पायऱ्यांवर गुडघ्याच्या वाटीमागील सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिपटीइतका दाब येतो. स्नायू अशक्त झाला की हा आवर नीट घातला जात नाही, आणि म्हणून चढण्याआधी उतरणे बिघडते.

स्लेड वेगळी ठरते ती याच ठिकाणी. बैठकीत किंवा वजन उचलण्याच्या व्यायामात जे वर नेले ते सावकाश खालीही आणावे लागते; स्लेडमध्ये हा दुसरा अर्धा भाग नसतोच. तुम्ही ओढत आहात तोवर ती सरकते आणि तुम्ही थांबलात की जागच्या जागी थांबते. स्नायूला जवळजवळ केवळ आखडत काम करावे लागते, पाऊल जमिनीवर आदळत नाही, आणि मध्येच कळ आली तर हातातील वजन कोठे ठेवावे असा प्रश्नही उद्भवत नाही. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग ठणकते ते मुख्यतः स्नायूने लांबत केलेल्या कामामुळे असते. स्लेडनंतर ते फारच कमी जाणवते, म्हणून ज्यांचे पाय पार खचले आहेत त्यांनाही आठवड्यातून 2 ते 3 वेळा हा व्यायाम सोसतो.

उलटे चालताना पंजा आधी टेकतो व टाच मागाहून, आणि प्रत्येक पावलाला वाकलेला गुडघा सरळ करण्याचे काम क्वाड्रिसेप्सवर येते. स्लेडकडे पाठ करून पुढे चालत ओढली तर तो भार नितंबांकडे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंकडे जातो. ढकलली तर पोटरी व घोट्यालाही बरेच काम पडते. तुमच्या तक्रारीसाठी सुरुवात उलट्या ओढण्यानेच करावी. स्लेडवरील बहुतेक संशोधन वेगवान धावपटूंवर झालेले आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. गुडघ्याची झीज असलेल्यांवर अभ्यास झाला आहे तो भाराविना उलटे चालण्याचा : 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 6 आठवडे उलटे चालणाऱ्या गटाच्या वेदना सरळ चालणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाल्या आणि मांडीची ताकदही वाढली. स्लेड म्हणजे त्याच चालण्याला हळूहळू भार जोडण्याची सोय, इतकाच माझा दावा आहे. अमेरिकेत ओहायोतील कोलंबस येथील लुई सिमन्स यांनी पॉवरलिफ्टिंग करणाऱ्यांमध्ये स्लेड रुजवली, कॅनडाचे प्रशिक्षक चार्ल्स पॉलिक्विन यांनी उलट्या ओढण्याचा पुरस्कार केला, आणि अलीकडे गुडघ्यांचे व्यायाम शिकवणारे प्रशिक्षक बेन पॅट्रिक यांच्या चित्रफितींमुळे ती घरोघरी पोहोचली. त्या चित्रफिती पाहून लोक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात चित्रफितीतील शेवटचा प्रकार करायचा असतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. ज्या कारणाने स्लेड सोसते त्याच कारणाने ती एकटी पुरत नाही. तिच्यात स्नायू लांबत काम करीत नाही, आणि तुळजापूरच्या पायऱ्या उतरताना तर नेमके तेच काम लागते. शिवाय ओढताना गुडघा मध्यम कोनापर्यंतच वाकतो, तर उकिडवे बसायला तो जवळजवळ पूर्ण मिटावा लागतो. म्हणून स्लेडने पाय थोडे सावरले की दोन गोष्टी जोडाव्या लागतील. एक म्हणजे सावकाश उतरणे : प्रथम घरातील जेवणाच्या पाटावर उभे राहून एक पाय पुढे जमिनीवर हळू टेकवणे, आधारासाठी भिंतीला हात लावणे, आणि ते सहज जमू लागल्यावर पायरीवर जाणे. दुसरी म्हणजे वाकण्याची मर्यादा वाढवणे : अंथरुणावर पडून टाच नितंबाकडे सरकवणे, मग उंच खुर्चीवर, त्यानंतर बाजेवर आणि त्याहून ठेंगण्या आसनावर हात न टेकता सावकाश बसून उठणे. पुन्हा खाली बसणे शक्य होईल ते या दुसऱ्या भागामुळे. त्यासाठी लागणारी ताकद स्लेड मिळवून देईल.

प्रमाणाविषयी सांगायचे तर पहिले काही दिवस भार न घेता, सपाट जागी, 5 मिनिटे उलटे चालावे. मग रिकामी स्लेड 15 ते 20 मीटर, थोडा दम खाऊन पुन्हा, अशा 4 ते 6 फेऱ्या. वेदना 0 ते 10 या मापाने मोजली तर ओढताना ती 3 च्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा अधिक दुखू नये. हे दोन्ही साधले तरच वजन वाढवावे. नाहीतर तेवढ्यावरच थांबावे.

मात्र गुडघा मध्येच अडकत असेल, अचानक दगा देत असेल, लाल व गरम होऊन सुजत असेल, ताप असेल किंवा रात्री झोपेतून जाग येईल इतके दुखत असेल, तर व्यायामाआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेले राहत असतील तर ती केवळ झीज नसून दाहाचा संधिवात असू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे असतात.


दुधनाकाठचा (परभणी जिल्हा)

डॉक्टरांनी व्यायामाचे सांगितले. मी टायरचे सांगतो, कारण शेतीआधी माझे आयुष्य कारखान्याच्या देखभाल विभागात गेले आणि घर्षण हा माझा जुना वैरी आहे.

मोटारीचा जुना टायर 7 ते 10 किलोंचा असतो आणि तेवढा सुरुवातीला पुरे आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या वाटेला जाऊ नये. तो तालमीतील पोरांसाठी ठीक आहे. वजन वाढवायचे झाले की टायरच्या पोकळीत वाळूची किंवा मुरमाची छोटी गोणी ठेवावी आणि ती खाली निसटू नये म्हणून तळाला जुन्या प्लायवूडचा तुकडा तारेने आवळून घ्यावा. कमरेला दोर थेट बांधू नये, तो कातडीला काचतो. मालवाहू गाडीत सामान आवळण्याचा रुंद पट्टा चांगला. दोर 4 ते 5 मीटर लांब असावा. आखूड ठेवला तर ओढ तिरपी वर जाते, टायर थोडा उचलला जाऊन हलका होतो आणि तुमची कंबर मात्र खाली खेचली जाते. मग लोक म्हणतात की स्लेडने कंबर धरली.

खरी गोम जमिनीत आहे. तोच टायर, तीच गोणी, पण मुरमाच्या पटांगणावर एक ओढ आणि सिमेंटच्या रस्त्यावर दुसरीच, कारण रबर सिमेंटला चिकटून धरते. आपल्या काळ्या रानात तर हा व्यायाम करूच नये. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि उलटे चालताना त्यात टाच अडकते. पावसाळ्यात टायरमध्ये गारा भरतो आणि पाच पावलांत त्याचे वजन दुप्पट होते. शाळेचे दाबलेले मुरमाचे मैदान उत्तम, फक्त वरचे सुटे खडे आधी झाडून घ्यावेत.

व्यायामशाळेत चकत्यांवरचा आकडा पाहून वजन सांगतात. त्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पायांना जाणवते ती ओढ, आणि ती मोजण्याचे साधन बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी आहे : कापूस तोलायचा स्प्रिंगचा ताणकाटा. तो दोर आणि टायर यांच्यामध्ये अडकवावा आणि कोणीतरी शेजारून चालत आकडा वाचावा. टायर जागचा हलतो त्या क्षणी आकडा मोठा दिसेल आणि चालू लागल्यावर उतरेल. वहीत लिहायचा तो चालतानाचा. आणि हलवण्याचा पहिला झटका गुडघ्याला बसू नये म्हणून दोर ताठ करून मगच अंग मागे झुकवावे. पाऊस पडून गेल्यावर जमीन बदलली असेल, तर पुन्हा मोजावे.


तालीम_बीड

डॉक्टरांविषयी पूर्ण आदर ठेवून एक मतभेद नोंदवतो. गुडघा दुखला की बैठका बंद, ही सूचना आजकाल इतकी सरसकट दिली जाते की तालमीतील तरुण मुलेही बैठकांना घाबरू लागली आहेत. आमच्या बैठकीत टाच उचलली जाते आणि गुडघा पंजाच्या पुढे जातो. पिढ्यान् पिढ्या पैलवानांनी त्या हजारांनी मारल्या आणि म्हातारपणी उकिडवे बसून तंबाखू मळली. ओढण्याचे म्हणाल तर आखाड्याची माती खणून झाली की ती सारखी करण्यासाठी फळीवर एखादे पोर बसवून ती ओढण्याची रीत आमच्याकडे जुनीच आहे. त्यामुळे स्लेडला माझा विरोध नाही. परंतु बैठक वाईट आणि स्लेड चांगली, असा निष्कर्ष कोणी काढू नये.


फिजिओ_संभाजीनगर

वस्ताद, आपले म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे. गुडघा पंजाच्या पुढे जाताच कामा नये, हा नियम व्यायामशाळांनी फार ताणला. 2003 मधील एका अभ्यासात गुडघे पुढे जाऊ न देता बैठक मारायला लावली, तेव्हा गुडघ्यावरील पीळ काहीसा कमी झाला खरा, परंतु खुब्यावरील पीळ कित्येक पटींनी वाढला; म्हणजे भार नाहीसा झाला नाही, त्याने जागा बदलली. ज्याचा गुडघा निरोगी आहे आणि ज्याने लहानपणापासून हळूहळू सराव वाढवला आहे त्याच्यासाठी आपली बैठक उत्तमच आहे.

अडचण आहे ती प्रारंभाच्या बिंदूची. ज्या व्यक्तीला खुर्चीवरून उठताना हात टेकावे लागतात तिच्यासाठी पहिली पूर्ण बैठकसुद्धा तिच्या ताकदीच्या पलीकडची असते, आणि शरीराचे वजन निम्मे करून बैठक मारता येत नाही. स्लेडवर भार शून्यापासून सुरू करता येतो. शिवाय पैलवान म्हातारपणी उकिडवे बसले हे आपण पाहिले, पण ज्यांचे गुडघे गेले ते तालमीत दिसेनासे झाले, हेही ध्यानात घ्यावे. ताईंनी पुढे आधार धरून अर्ध्या बैठकांपर्यंत यावे, असेच मीही म्हणेन.

जाता जाता वजनाविषयी. झीज असलेल्या स्थूल व्यक्तींवरील अभ्यासात असे आढळले आहे की शरीराचे वजन 1 किलो घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी घटतो. ज्यांना गरज आहे त्यांनी टायर शोधण्याबरोबर ताटाकडेही पाहावे.


कन्हेर

माझ्या वडिलांचा डावा गुडघा याच वर्षी शस्त्रक्रिया करून बदलला आहे. त्यांनीही हा व्यायाम करावा का?


फिजिओ_संभाजीनगर

ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्या लेखी संमतीशिवाय नाही. पहिल्या काही महिन्यांत गुडघा पूर्ण सरळ होणे, पुरेसा वाकणे आणि काठीविना तोल राखून चालता येणे हीच उद्दिष्टे असतात. तोल पक्का नसताना उलटे चालणे म्हणजे पडण्याला निमंत्रण आहे, आणि बदललेल्या सांध्यावर पडणे फार महागात जाते.


मांजराकाठ (लातूर जिल्हा)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. अडकणे, सूज, ताप यांपैकी काही नाही आणि सकाळचा आखडलेपणा चहा होईपर्यंत निघून जातो. आणखी दोन शंका आहेत. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. ओढण्याचा जोर चालेल का? दुसरी शंका वैद्यकीय नाही. गावात बाईंनी कमरेला पट्टा बांधून टायर ओढत उलटे चालावे, हे दृश्य पाहायला अर्धे गाव पारावर जमेल, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातली मुले माझ्यासमोर तेच करून दाखवतील.


फिजिओ_संभाजीनगर

रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल आणि तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर हलक्या भाराने चालेल. श्वास कोंडून जोर लावणे मात्र पूर्ण वर्ज्य. ओढताना सलग बोलता येईल इतकाच भार असावा. छातीत दडपण, चक्कर किंवा अंधारी आल्यास तत्काळ थांबावे. साडी नेसून उलटे चालू नये, काठ टाचेखाली येतो. सलवार आणि मागून बंद असलेले बूट घालावेत; चप्पल नको. एप्रिल-मेमध्ये ऊन चढण्याआधी सारे आटोपलेले असावे.


रेणापूरची

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते, कारण आमच्या गल्लीत हे सुरू आहे. एकटीने ओढले की लोक पाहतात; चौघीजणी असल्या की फार तर विचारतात की आम्हालाही येऊ द्याल का. आम्ही पहाटे शाळेच्या मागच्या बाजूला जातो. एकीने ओढायचे, आणि दुसरीने तिच्या पाठीमागे चार-पाच पावले अंतर ठेवून चालत वाटेतला दगड, खड्डा, कुत्रे सांगायचे. उलटे चालणाऱ्याला डोक्यामागे डोळे नसतात, त्यामुळे ही दुसरी बाई टायरइतकीच आवश्यक आहे. ओढणारी थकली की अदलाबदल, म्हणजे दम खाण्याचा वेळही आपोआप मिळतो. आमच्यापैकी दोघींना खुरपणीला उकिडवे बसावे लागते. त्यांनी पाटावरून उतरण्याचा आणि ठेंगण्या आसनावर बसून उठण्याचा सराव सोबत ठेवला, म्हणून त्या आज पाथीला बसू शकतात. एकीने केवळ टायर ओढला, तिला चालणे सोपे झाले आहे पण बसणे अजून जमत नाही. डॉक्टरांनी वर लिहिले आहे त्याच्याशी हे जुळते.

टायर उघड्यावर ठेवणार असाल तर त्याला खालच्या बाजूने तीन-चार मोठी भोके पाडून घ्या. पावसाचे पाणी टायरमध्ये साचले की त्यात डेंग्यूचे डास होतात, आणि मग आशाताई सर्वांत आधी शाळेच्याच मागे येऊन उभ्या राहतील.